जेवून निघ

ती मुलगी आमच्या घरी राहायला आली ती पाण्यामुळे. परदेशी विद्यार्थ्यांसाठी म्हणून विद्यापीठाने वसतिगृहातली एक खोली सजवली होती. भिंतींना गुलाबी रंग, खिडकीला जाळी, न्हाणीघरात चकचकीत नळ. त्या नळाला पाणी तेवढं नव्हतं. उद्घाटनाच्या दिवशी टँकर आला होता, पुढे तो का येत नाही हे विचारत मी कुठल्या कुठल्या टेबलांपुढे उभी राहिले ते सांगण्यात अर्थ नाही. मी भूगोल शिकवते. इंग्रजी बरं बोलते, एवढ्या एका गुन्ह्यासाठी आंतरराष्ट्रीय कक्ष माझ्या गळ्यात पडला होता. कक्ष म्हणजे एक कपाट, दारावरची एक पाटी आणि मी.

या साऱ्या प्रकाराचं नाव विद्यार्थ्यांची देवाणघेवाण. करार व्हायचे तेव्हा फोटो झकास यायचे. पाहुण्यांना फेटे बांधायचे, शाल-नारळ द्यायचा, फेटा डोळ्यांवर घसरला की सगळे टाळ्या वाजवायचे. नंतर आमची मुलं व्हिसाच्या कागदांत अडकून पडायची आणि तिकडून कुणी आलंच तर गुरुद्वारा आणि विष्णुपुरीचं धरण बघून आठवड्यात परत जायचं. पूर्ण सत्रभर राहायला आलेली ही पहिलीच. फिनलंडहून आली होती, भूजलाचा अभ्यास करायला. तिच्या देशात जिकडेतिकडे तळी आणि ही नायगाव तालुक्यातल्या आटलेल्या विहिरी मोजायला आलेली, याची माझ्या नवऱ्याला फार गंमत वाटायची.

ती मात्र कुरकुर न करता खालच्या हौदावरून बादल्या वाहायची. मी हे घरी बोलले आणि सासूबाई माझ्यावरच उखडल्या. "परक्या मुलखातलं लेकरू पानी वाहून राहिलंय, आन् तुमी नुसते कागदं करून राहिलात. घरी आन तिला." मी म्हटलं, नियमात बसत नाही. त्या म्हणाल्या, "नियमाला पानी येतंय का?" दुसऱ्या दिवशी मी तिला घरी आणलं.

दाराशी येताच तिने आपण होऊन बूट काढले आणि भिंतीला लावून नीट ठेवले. त्यांच्याकडेही बूट घालून घरात जात नाहीत हे कळल्यावर सासूबाईंनी तिला तिथल्या तिथे पास करून टाकलं. त्या दोघींचं एकमेकींना काय कळायचं देव जाणे, पण दिवसभर बोलायच्या. सासूबाई नायगावकडच्या. त्यामुळे मुलगी कुठल्या गावची विहीर बघून आली की त्या गावातले त्यांचे सोयरे निघायचे आणि तिला त्यांची सगळी हकीकत ऐकावी लागायची. ती मला 'मॅडम' म्हणायची. सासूबाईंनी ते बंद करून 'मावशी' करायला लावलं. त्यांना ती 'आज्जी' म्हणे, आणि ते इतकं गोड म्हणे की मला कधी कधी हेवा वाटायचा.

रविवारी तिच्या आईचा व्हिडिओ कॉल यायचा. आई एका लहानशा गावात, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. सासूबाई मध्येच डोकं घालून हातातली भाकरी दाखवायच्या, ती बाई तिकडून कॉफीचा कप उंच करून दाखवायची, आणि दोघी आपापल्या भाषेत ख्यालीखुशाली विचारायच्या. एकदा सासूबाईंनी मला विचारायला लावलं, घरात आणखी कोण कोण असतं? मुलगी म्हणाली, कोणी नाही, आम्ही दोघीच. बाप कधीच सोडून गेलेला. चुलते? नाहीत. मामा, मावशी? तिने मान हलवली. सासूबाई त्या दिवशी संध्याकाळपर्यंत अस्वस्थ होत्या. "दोघीच म्हंजे लई सुनं झालं की," असं स्वतःशीच म्हणत राहिल्या. मी ते ऐकलं, आणि कामाला लागले.

त्या हिवाळ्यात माझे वडील गेले.

आमच्याकडे माणूस गेल्याचं फोनवर सांगत नाहीत. निदान लेकीला तरी नाही. 'जरा सिरियस आहे, निघून ये,' असं म्हणतात. भावाचा फोन अहमदपूरहून आला तो मला नाही, नवऱ्याला. नवरा भर दुपारी विभागात आला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "अण्णांना जरा जास्त झालंय. निघू या." घरी गेले तर सासूबाईंनी ताट वाढून ठेवलेलं. मी म्हटलं, मला भूक नाही. "जेवून निघ. मंग कवा मिळंल, न मिळंल." त्या समोर बसल्या आणि एकेक घास मोजल्यासारखा बघत राहिल्या. नवऱ्याने माझा फोन 'चार्जिंगला लावतो' म्हणून स्वतःच्या खिशात टाकला.

मुलगी म्हणाली, मीही येते. कुणी नको म्हटलं नाही. गाडीत ती माझ्या शेजारी बसली आणि माझा हात तिने जो धरला तो सोडलाच नाही. मी वडिलांबद्दल बोलत होते, दवाखान्यात कोण असेल, रात्री मी थांबेन, डॉक्टरांशी मीच बोलेन. लोहा मागे पडलं. माळाकोळी आलं. कुठला दवाखाना, हे मी एकदाही विचारलं नाही. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली तेव्हा भिंतीच्या कडेने टोप्या घातलेली माणसं मुकाट बसलेली दिसली. आमच्या दारातून काकू धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. त्यानंतर कितीतरी वेळ माझं वजन माझ्या पायांवर नव्हतंच. कुणी ना कुणी मला धरलेलं होतं. या हातातून त्या हातात मी जात होते आणि रडत होते, आणि मोठ्याने रडायला मला लाज वाटत नव्हती.

नांदेडला परतल्यावर एके सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना तिने विचारलं, "मावशी, तुम्हाला कधी कळलं?"

मी खरं सांगितलं. ताट बघितलं तेव्हाच. ज्या घरात माणूस गेलंय तिथे चूल पेटत नाही, लेकीला रडायचं असतं, सगळ्यांना भेटायचं असतं, तिला जेवलीस का म्हणून कुणी विचारत नाही. म्हणून ज्यांना बातमी ठाऊक असते ते तिला आधी जेवू घालतात. हे मी लहानपणापासून बघत आलेय, मला न कळून कसं चालेल?

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर गाडीतच कोसळले असते. तिथे मला कोण धरणार होतं? घरी गेल्यावर सगळे असतात ना. तोवर आपण काही न कळल्यासारखं करायचं. सांगणाऱ्यांनाही बिचाऱ्यांना तेवढंच सोपं जातं."

तिने एक चादर झटकली, दोरीवर टाकली आणि तिची टोकं जुळवत राहिली. "म्हणजे दोन्ही बाजूंना माहीत असतं," ती म्हणाली. मी म्हटलं, "हो, बहुतेक वेळा असतंच." आणि आम्ही खाली आलो.

होळी होऊन गेली होती. सकाळी मी वर्गावर निघाले होते तेवढ्यात तिच्या विद्यापीठाच्या कार्यालयातून फोन आला. एक बाई फार सावकाश, फार नीट बोलत होती. मुलीची आई अचानक गेली. डोक्यात रक्तस्राव. शेजारणीने पाहिलं. मुलीला तुम्ही समोर बसवून सांगा, तिला एकटं सोडू नका. घाई काहीच नाही, तिला जमेल तेव्हा तिने निघावं.

घाई नाही, हे शब्द मी ऐकले. माझ्या कानाला ते खरे वाटले नाहीत. माणूस गेल्यावर घाई नाही असं कुठे असतं का? एकुलती एक लेक, ती पोचेपर्यंत सगळे ताटकळत असतील. परदेशी लोक सभ्य असतात, म्हणून तसं म्हणत असतील असं मी धरून चालले.

मग जे झालं तितक्या वेगाने आमच्या विद्यापीठात कधीही काही झालं नव्हतं. ज्या टेबलावरून टँकर हलला नव्हता तिथून दुपारच्या आत गाडी मिळाली. विभागप्रमुखांनी स्वतः हैदराबादहून विमानाचं तिकीट काढवलं. लेखा विभागातला माणूस धावत येऊन सही घेऊन गेला. तिला काय सांगायचं, यावर तर चर्चासुद्धा झाली नाही. "आई सिरियस आहे म्हणा," विभागप्रमुख म्हणाले. नवरा म्हणाला, "वाटेत काही बोलू नकोस. एकटीला विमानात बसायचंय." सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "घर गाठू दे लेकराला. मंग रडंल." फोनवरच्या बाईने समोर बसवून सांगा म्हटलं होतं, पण सगळ्यांचं म्हणणं मला पटलं. माझ्या बाबतीत हेच केलं होतं आणि ते मायेने केलं होतं. तिच्यावर आमची माया कमी होती का?

ती विहिरींच्या नोंदी करत बसली होती. मी म्हटलं, "आईची तब्येत जरा बिघडली आहे. दवाखान्यात नेलंय. तुला निघायला हवं."

तिने माझ्याकडे बघितलं. "खूप?"

"जरा जास्त."

ती उठली, बॅग भरू लागली. स्वयंपाकघरातून सासूबाईंची हाक आली. ताट वाढलं होतं. भाकरी, तिला आवडणारी शेपूची भाजी, दही. "जेवून निघ, माय," त्या म्हणाल्या आणि समोर बसल्या.

ती ताटासमोर उभी राहिली. थोडा वेळ नुसती बघत होती. मग खाली बसली, आणि सगळं जेवली. एक कण टाकला नाही. मला वाटलं, बरं झालं, पोटात अन्न आहे. निघताना सासूबाईंनी तिच्या हातावर पुन्हा दही ठेवलं, तिने ते चाटलं, वाकून त्यांच्या पायाला हात लावला. तिच्या देशात कुणी तसं करत नाही. आमच्याकडून शिकली होती.

तिच्या फोनची मला धास्ती होती. नवऱ्यासारखी युक्ती करावी का, असा विचार चालला होता, पण गाडीत बसताच तिने आपण होऊन तो बंद केला आणि बॅगेच्या तळाशी टाकला. देवच पावला असं मला वाटलं. नायगावच्या पुढे नरसीच्या चौकाकडे जाताना तिने उजवीकडे बोट दाखवलं, त्या चिंचेमागे तिची आवडती विहीर होती. मग आईबद्दल बोलू लागली. आई राईचा पाव घरीच भाजते. आई थंडीत तळ्याचा बर्फ फोडून पोहते आणि मला भित्री म्हणते. उन्हाळ्यात आईला इकडे आणायचं आहे, आज्जीला भेटवायचं आहे. मी 'हो, आण ना' म्हणत होते. देगलूर गेलं, पाट्यांवर तेलुगू अक्षरं आली, आणि मी खिडकीकडे तोंड करून पदराने डोळे टिपत होते. ती माझा हात धरून होती. मला वाटत होतं, मी तिला सांभाळतेय.

हैदराबादच्या विमानतळावर निरोप द्यायला आलेल्याला दाराच्या आत सोडत नाहीत. बंदूकधारी जवान तिकीट बघतो आणि ज्याचं तिकीट त्यालाच आत घेतो. रांग पुढे सरकत होती. तिने बॅग खाली ठेवली.

"मावशी, आई गेली ना?"

मी मान डोलावली. "कधी कळलं?"

"आज्जीने जेवायला बसवलं तेव्हा."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्हीच सांगितलं होतं." तिचा आवाज अगदी साधा होता. "तोवर न कळल्यासारखं करायचं. सांगणाऱ्यांना सोपं जातं. मला वाटलं, असंच करायचं असतं."

मागचा माणूस ट्रॉली पुढे ढकलत होता. ती म्हणाली, "मी वाटभर विचार करत होते, माझ्या दारात कोण असेल. कोणीच नसेल. आमच्याकडे अंत्यविधी लगेच होत नाही मावशी, दोन-तीन आठवडे लागतात. तोवर आई दवाखान्याच्या थंड खोलीत राहील. घराला कुलूप आहे."

मी म्हटलं, "चल परत. आत्ताच्या आत्ता चल. नंतर जा." तिने तिकिटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनी एवढी धावपळ केली, असं काहीतरी म्हणाली. जवानाने हात पुढे केला, "मॅडम, आगे बढ़िए." मी तिला जवळ ओढलं. ती काठीसारखी ताठ होती. माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं, पण रडली नाही. तिथे उभ्या उभ्या, रांग अडवून, रडणार तरी कशी? ती आत गेली. काचेतून मला तिची पाठ दिसली, मग तीही दिसेना.

रडायला माणसं हवीत म्हणून आम्ही तिला घाईघाईने पाठवलं होतं. आणि तिची जी काही माणसं होती ती आम्हीच होतो. जिथे तिला कुणीतरी धरलं असतं त्या घरातून उचलून आम्ही तिला कुलपाकडे रवाना केलं. परतीच्या वाटेवर मी ड्रायव्हरसमोर मोठमोठ्याने रडले. त्याने न विचारता गाडी बाजूला घेतली आणि लांब जाऊन उभा राहिला.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांना फक्त एकच कळलं. "घरात कोनीच न्हाई?"

"कोणीच नाही."

"मंग धाडली कशाला आपन तिला?"

त्या भिंतीला टेकून बसल्या. जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला फोन वाजला. तिचा व्हिडिओ कॉल होता. ती बर्फात उभी होती, मागे पांढरं आकाश, समोर लाकडाचं निळं दार. तिकडे अजून उजेड होता. चेहरा थकून गेलेला. "मावशी," ती म्हणाली, "आज्जीला बोलवा. मी दार उघडतेय."

सासूबाई देवापुढची वात सारखी करत होत्या, तशाच धावत आल्या. मी फोन त्यांच्या हातात दिला. तिकडे किल्ली फिरल्याचा आवाज आला. दार उघडलं. आत अंधार, मग तिने दिवा लावला. दाराशी भिंतीला लावून बुटांचा एक जोड नीट ठेवलेला होता, बाईचा. ती त्या बुटांकडे बघत उभी राहिली.

आणि सासूबाईंनी हंबरडा फोडला. अहमदपूरला काकूने फोडला होता तसा, दारात आलेल्या लेकीला बघून बायका फोडतात तसा. "माझ्या लेकरा गं! कुटं सोडून गेली गं तुझी माय तुला!" त्या पुढे झाल्या आणि तिला गळ्याशी घ्यायला त्यांनी दोन्ही हात पसरले. हातातला फोन फरशीवर पालथा पडला.

फरशीखालून यावा तसा तिचा आवाज येऊ लागला. ती रडत होती. आमच्या घरात इतके महिने राहिली, तिला मी कधी रडताना ऐकलं नव्हतं. ती मोठ्याने, आईला हाका मारत रडत होती.

मी फोन उचलून सुलटा केला. काच तडकली होती. पडद्यावर ती नव्हती, लाकडी छत तेवढं दिसत होतं. तिच्याही हातातून फोन खाली पडला असणार. सासूबाईंनी तो माझ्याकडून घेतला, खाली बसून मांडीवर ठेवला आणि त्या छतावरून हात फिरवत बसल्या.